आधी नमुना, मग औषध

(साताऱ्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



आज मी ज्या माणसांबद्दल बोलणार आहे त्यांचं वय २८ दिवसांहून कमी आहे. त्यातल्या बऱ्याच जणांचं अजून बारसंही झालेलं नसतं. केसपेपरवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढं आईचं नाव, एवढीच त्यांची ओळख. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १६ बाळं वर्ष पुरं होण्याआधी जातात, आणि त्यातली ११ या पहिल्या २८ दिवसांतच जातात. अकाली जन्म, जन्मताना गुदमरणं आणि जंतुसंसर्ग ही त्याची मोठी कारणं. मी आज जंतुसंसर्गाच्याही एका कोपऱ्यात उभी राहून बोलणार आहे. रक्तात शिरलेला जंतू बाळाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो तेव्हा काय होतं, आणि तो जंतू औषधाला दाद देत नसेल तेव्हा आपल्या हातात काय उरतं, हा आजचा विषय.

हा विषय डॉक्टरांच्या परिषदेतला आहे असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. या आजारातले बरेचसे निर्णय बाळ डॉक्टरपर्यंत येण्याआधी झालेले असतात. ते आजीनं घेतलेले असतात, गावातल्या औषध दुकानदारानं घेतलेले असतात, गाडी आत्ता काढायची की सकाळी हे ठरवणाऱ्या घरातल्या कर्त्या माणसानं घेतलेले असतात. आणि पुढचे काही निर्णय सरकारच्या हातात आहेत. तिथं मागणी करणारी माणसं लागतात. म्हणून हे बोलणं तुमच्यापुढं.

मोठ्या माणसाला मेंदूज्वर झाला की मान ताठ होते, डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही. नवजात बाळात यातलं बहुतेक काही दिसत नाही. ताप येईलच असं नाही. कित्येकदा उलट अंग गार पडतं. पहिली खूण बहुधा एवढीच असते, की कालपर्यंत ओढून पिणारं बाळ आज दोन घोट घेऊन सोडून देतं. रडणारं बाळ गप्प होतं. घरात पाचवीची गडबड असते, सटवाईच्या पूजेला पाटा-वरवंटा मांडलेला असतो, पाहुणे आलेले असतात, आणि कुणीतरी कौतुकानं म्हणतं, “किती गुणाचं लेकरू, अजिबात त्रास देत नाही.” हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्रास न देणारं चार-पाच दिवसांचं बाळ मला उचलून बघावंसं वाटतं.

आकडीचंही तसंच. नवजात बाळाची आकडी सगळं अंग झटकत येत नाही. डोळे एका जागी खिळतात, ओठ चोखल्यासारखे हलत राहतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, मध्येच श्वास थांबतो. घरची माणसं म्हणतात, झोपेत हसतंय, स्वप्न बघतंय. टाळू फुगते, पण ती उशिराची खूण. रोज टाळूवर तेल भरणाऱ्या आजीच्या बोटांना ती यंत्राआधी कळते. म्हणून मी आज्यांना सांगत असते, बाळ शांत असताना, उभं धरलेलं असताना टाळू वर आलेली लागली तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि गाडी बोलवा. १०८ नंबर त्यासाठीच आहे.

आता जंतूंकडे येऊ. ई-कोलाय नावाचा जंतू आपल्या सगळ्यांच्या आतड्यात सुखानं राहतो. त्याच्या अनेक जातींपैकी ‘के-वन’ नावाचं आवरण असलेली जात नवजात बाळांच्या मेंदूज्वरात पुन्हा पुन्हा सापडते. त्या आवरणातली साखर आणि बाळाच्या वाढत्या मेंदूतल्या पेशींवरची साखर रासायनिक दृष्टीनं एकच आहे. चोरानं घरच्याच माणसाचे कपडे घालून यावं तसं हे होतं. बाळाचं शरीर त्याला परका म्हणून ओळखतच नाही. त्यातून बाळाची स्वतःची फौज अजून उभी राहिलेली नसते. आईच्या रक्तातली संरक्षक द्रव्यं वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला ती फार थोडी येतात.

युरोप-अमेरिकेत नवजात मेंदूज्वराचं मोठं कारण म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस कुळातला एक जंतू. तो साध्या पेनिसिलिननं मरतो. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. इथं क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, ई-कोलाय यांचं राज्य आहे, आणि हेच जंतू औषधांना न जुमानण्यात सगळ्यांत पुढं आहेत.

जंतू औषधाला दाद देत नाही हे संकट रक्तात असतं तसंच मेंदूतही असतं. पण मेंदूत त्याच्या जोडीला दुसरं संकट येतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशींची घट्ट वीण आहे. विषारी पदार्थ मेंदूत जाऊ नयेत म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. औषधांनाही ती अडवते. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही आमची रोजची इंजेक्शनं मेंदूभोवतीच्या पाण्यात अगदी थोडी उतरतात. सेफोटॅक्झिम चांगलं उतरतं, मेरोपेनेम उतरतं. जंतूनं या दोघांनाही झिडकारलं की हातात राहतं कोलिस्टिन, आणि ते शिरेतून दिलं तर मेंदूत जेमतेम पोचतं. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर ‘या औषधानं जंतू मरतो’ असं लिहिलेलं असतं, औषध कपाटात असतं, आणि तरी ते बाळाच्या मेंदूपर्यंत नेता येत नाही.

मग औषध थेट मेंदूतच का घालू नये? हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीला पडला होता. अमेरिकेत डॅलसचे डॉ. जॉर्ज मॅकक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पद्धतशीर तपासला. काही बाळांना जेंटामायसिन शिरेतून दिलं, काहींना त्याशिवाय टाळूतून सुई घालून मेंदूच्या पोकळीतही दिलं. १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. ज्यांना फक्त शिरेतून औषध मिळालं त्यांच्यातली साडेबारा टक्के बाळं गेली. ज्यांना मेंदूतही दिलं त्यांच्यातली जवळजवळ ४३ टक्के गेली. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. पुढं संशोधनातून एक कारण पुढं आलं. जंतू एकदम मोठ्या संख्येनं मेले की त्यांच्या कवचातलं विष एकदम सुटतं आणि मेंदूची आग वाढते. आजही दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा कोलिस्टिन मेंदूच्या पोकळीत द्यायची वेळ येते, पण ते देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात १९८० चे ते आकडे असतात.

दुसरा पुरावा इंग्लंड आणि वेल्समधला आहे, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. तिथं १९८५ ते ८७ या काळात नवजात मेंदूज्वर झालेली २२ टक्के बाळं जात. दहा वर्षांनी, १९९६-९७ मध्ये, हे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास आलं. चांगली औषधं, चांगले अतिदक्षता विभाग, सगळं त्यात आलं. मग त्या मुलांना पाच वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. गंभीर अपंगत्व पहिल्या गटात सुमारे २५ टक्के मुलांना होतं आणि दुसऱ्या गटात सुमारे २४ टक्के. जीव वाचवण्यात एवढी मोठी मजल मारली, पण मेंदू वाचवण्यात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आणि हे अशा देशात, जिथले जंतू बहुतांशी औषधाला दाद देणारे होते.

यावरून माझं एक मत झालं आहे, आणि आजचं सगळं बोलणं त्याभोवतीच आहे. नवजात बाळाच्या मेंदूज्वरात लढाई मेंदूत पोचली की आपण अर्धी हरलेलो असतो, औषध कितीही भारी असो. ती जिंकायची तर जंतू रक्तात असतानाच, आणि त्याहून बरं म्हणजे तो बाळाच्या अंगाला लागण्याआधी.

हे शक्य आहे याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ ते १९९८ मध्ये ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्याशा शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी नवजात बाळाची काळजी शिकवली. आरोग्यदूत म्हणतात त्यांना. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, दूध ओढतं का बघायचं, आणि जंतुसंसर्गाच्या ठरावीक खुणा दिसल्या, आईवडील दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं कोट्रायमॉक्सॅझोल द्यायचं. तेव्हा या कल्पनेला मोठा विरोध झाला. बाई गावातली, शिक्षण अर्धवट, आणि ती तान्ह्या बाळाला सुई टोचणार? १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्यांत ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. एकूण नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. आज आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तुमच्या घरी येतात, त्या भेटींचं मूळ त्या ३९ गावांत आहे.

जेंटामायसिन मेंदूत फारसं उतरत नाही असं मी आत्ताच म्हणाले. मग गडचिरोलीत ते एवढं कसं चाललं? एक तर ते वेळेवर मिळालं, बाळानं दूध सोडलं त्याच दिवशी, जंतू रक्तात असताना. आणि दुसरं, माझ्या मते, तिथल्या घरातले जंतू अजून साधे होते. त्यांची अँटिबायोटिकशी फारशी गाठ पडलेली नव्हती.

आता मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात चला. दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांनी २०११ ते २०१४ या काळात तिथंच जन्मलेल्या आणि नवजात कक्षात दाखल झालेल्या १३,५३० बाळांवर लक्ष ठेवलं. २०१६ साली त्यांचा अहवाल आला. सर्वांत जास्त सापडला ॲसिनेटोबॅक्टर, त्याखालोखाल क्लेब्सिएला आणि ई-कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरचे ८२ टक्के नमुने अनेक गटांच्या औषधांना एकाच वेळी दाद न देणारे होते, क्लेब्सिएलाचे ५४ टक्के. बहुतेक संसर्ग पहिल्या ७२ तासांतले. आम्ही पूर्वी शिकलो होतो की पहिल्या तीन दिवसांतला संसर्ग आईकडून येतो आणि नंतरचा रुग्णालयातून. दिल्लीच्या आकड्यांनी ती शिकवण मोडीत काढली. प्रसूतीच्या खोलीपासूनच रुग्णालयाचा जंतू बाळाला चिकटतो, असाच त्याचा अर्थ मी लावते.

औषधाला न जुमानणारे असे जंतू मुंबईला त्याआधीच दिसले होते. हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी मार्च २०१० मध्ये एक छोटा निबंध छापला. मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना न जुमानणारे २४ जंतू त्यांनी तपासले; त्यातल्या २२ मध्ये औषध निकामी करणारं एनडीएम-१ हे द्रव्य होतं. हे द्रव्य बनवण्याची कृती एका छोट्या वर्तुळाकार डीएनए-तुकड्यावर लिहिलेली असते आणि तो तुकडा एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. क्लेब्सिएलाकडून ई-कोलायकडे, रुग्णाच्या आतड्यातून गटारात, गटारातून परत माणसात. त्याच वर्षी या द्रव्याच्या नावात ‘नवी दिल्ली’ का घातलं यावरून देशात मोठा गदारोळ झाला. हिंदुजाच्या त्या दोन-तीन पानांवर मात्र तेवढी चर्चा झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

डिसेंबर २०२१ मध्ये भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहातल्या नवजात अतिदक्षता कक्षात चार बाळं जंतुसंसर्गानं लागोपाठ दगावली, तेव्हा वर्तमानपत्रांत काही दिवस मथळे आले. नवजात कक्षात असे मृत्यू एकेकटे होतात तेव्हा त्यांची बातमी होत नाही. भारतात औषधाला दाद न देणाऱ्या जंतुसंसर्गानं वर्षाला सुमारे ५८ हजार नवजात बाळं जातात असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे.

कक्षात जंतू राहतो कुठं? ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. मॉनिटरच्या बटणावर, स्टेथोस्कोपवर, वजनकाट्यावर. दुसऱ्या एका जंतूला त्याचा शोध लावणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ एलिझाबेथ किंग यांचं नाव आहे, एलिझाबेथकिंगिया मेनिंगोसेप्टिका. त्यांनी १९५९ साली त्याचं वर्णन केलं ते नवजात बाळांच्या मेंदूज्वराच्या साथींवरूनच. तो पाण्यात राहतो, नळाच्या तोटीत, सिंकच्या भोकात. मेरोपेनेम आणि कोलिस्टिन या दोन्हींना तो जन्मजातच दाद देत नाही. त्याला कुणी बिघडवलेलं नाही. अशा जंतूपुढं औषधाच्या कपाटापेक्षा प्लंबर जास्त उपयोगी पडतो. नवजात कक्षात सिंक बाळापासून किती लांब आहे, नळ कोपरानं उघडतो का, हात पुसायला प्रत्येकाला वेगळा कागद आहे का, हे बघणं मला मेरोपेनेमच्या साठ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं उतरले. पावणेदोनशे वर्षं झाली.

आणि आम्ही डॉक्टर काय करतो? बाळ वाईट दिसलं की भीतीपोटी सगळ्यांत भारी इंजेक्शन चढवतो. नातेवाईकही तेच मागतात, “डॉक्टर, पैशाचं बघू नका, भारीतलं द्या.” मला ती माया कळते. पण नेदरलँड्समधला एक प्रयोग ऐका. तिथं दोन नवजात कक्ष घेतले. एकात संशयित बाळांना पेनिसिलिन आणि टोब्रामायसिन ही जुनी, साधी जोडी दिली. दुसऱ्यात ॲमॉक्सिसिलिन आणि सेफोटॅक्झिम. सहा महिन्यांनी अदलाबदल केली. सेफोटॅक्झिम वापरणाऱ्या कक्षातल्या बाळांच्या अंगावर, त्या कक्षातल्या औषधाला न जुमानणारे जंतू वसण्याचं प्रमाण दुसऱ्या कक्षाच्या १८ पट निघालं. २००० साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे मी आज या पेटीतल्या बाळाला गरज नसताना दिलेलं भारी औषध शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या जिवावर उठतं.

आता आपल्या सातारा-सांगलीचं बोलते. आपल्याकडे सोयी कमी नाहीत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडला कृष्णा हॉस्पिटल, सांगलीला वसंतदादांच्या नावाचं सिव्हिल, मिरजेला शासकीय महाविद्यालय आणि डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभं केलेलं मिशन हॉस्पिटल. माण-खटावचं बाळ साताऱ्याला येतं, पाटणचं कराडला, जतचं मिरज-सांगलीला. पण वाटेत काय होतं बघा. बाळ आधी गावाजवळच्या दवाखान्यात जातं. तिथं एक इंजेक्शन मिळतं. सुधारत नाही म्हणून तालुक्याच्या खासगी रुग्णालयात. तिथं दुसरं, त्याहून भारी. तिसऱ्या दिवशी जिल्ह्याला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘अँटिबायोटिक दिलं’ एवढंच. कोणतं, किती, कितव्या तासाला, काही नाही. इथं आम्ही रक्त कल्चरला लावतो तर बाटलीत काही उगवत नाही, कारण आधीच्या औषधानं जंतू मेलेला नसतो पण दबलेला असतो. मग आम्ही आंधळेपणानं तिसरं औषध चढवतो.

यात उसाच्या फडातलं बाळ सगळ्यांत मागं राहतं. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या येतात, वाळवा, पलूस, कराडच्या शिवारात कोप्या पडतात. त्यातल्या कितीतरी बाया गरोदर असतात. सातव्या-आठव्या महिन्यात मोळी उचलता उचलता कळा सुरू होतात. ते बाळ कमी वजनाचं, आईची तपासणीची वही गावाकडं राहिलेली, इथल्या आशा ताईच्या यादीत तिचं नाव नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी कोपीवर कुणी जात नाही. कारखान्यांकडे टोळ्यांची यादी असते, मुकादमाचा फोन नंबर असतो. गळीत हंगामाच्या सुरुवातीला त्या यादीतल्या गरोदर बायांची नावं प्राथमिक आरोग्य केंद्राला देणं कारखान्यांना सहज जमेल.

माझी मुख्य मागणी साधी आहे, आणि ती मी मोठ्यानं करते. संशयित जंतुसंसर्ग असलेल्या बाळाला पहिलं अँटिबायोटिक देण्याआधी त्याचं रक्त कल्चरला गेलं पाहिजे. मग तो दवाखाना सरकारी असो की खासगी. एक मिलिलिटर रक्त लागतं. दोन किलोच्या बाळाच्या अंगात सारं मिळून १६० मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणून हे हात राखून मागितलेलं आहे. औषधाला उशीर करा असं मी म्हणत नाही. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि सहाव्या मिनिटाला औषध गेलंच पाहिजे. आजकालच्या यंत्रात बहुतेक जंतू दीड दिवसात उगवून दिसतात. दोन दिवसांत काही उगवलं नाही आणि बाळ छान पितंय, तर औषध बंद करण्याचं धैर्य डॉक्टरनं दाखवावं. जंतू उगवला आणि साध्या औषधाला दाद देणारा निघाला, तर भारी औषधावरून साध्यावर यावं.

मेंदूज्वराचा संशय असेल तर पाठीतलं पाणीही तपासावं लागतं. अमेरिकेतल्या कमी वजनाच्या बाळांच्या एका मोठ्या पाहणीत मेंदूज्वर असलेल्या सुमारे एक तृतीयांश बाळांचं रक्त कल्चर स्वच्छ निघालं होतं. म्हणजे फक्त रक्तावर विसंबलो तर तीनातलं एक बाळ सुटतं. ते समजलं नाही तर उपचार सात-दहा दिवसांत थांबतो, आणि क्लेब्सिएलासारख्या जंतूच्या मेंदूज्वराला तर किमान २१ दिवस औषध लागतं. इथं घरच्यांची मोठी अडचण येते. “पाठीत सुई मारली की पोर पांगळं होतं” ही समजूत इतकी खोल आहे की सह्या मिळत नाहीत, आणि काही डॉक्टरही मग आग्रह सोडून देतात. सुई मज्जारज्जूच्या टोकाच्या खाली घालतात; तिथं दुखापत व्हायला रज्जूच नसतो. पांगळेपण येतं ते न ओळखलेल्या आजारानं. कुणाच्या नातवावर ही वेळ आली तर सही करा. बाळ फार अत्यवस्थ असेल तर डॉक्टर स्वतःच ती तपासणी एक-दोन दिवस पुढं ढकलतील.

आणि या सगळ्या नमुन्यांचं पुढं काय? दर सहा महिन्यांनी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा एक तक्ता छापला जावा. नवजात कक्षांत कोणते जंतू सापडले, कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतात, एवढाच. रुग्णालयाचं नाव नको, दोषारोप नको. मग वडूजचा किंवा विट्याचा डॉक्टर रात्री दोन वाजता पहिलं औषध निवडताना दिल्लीच्या आकड्यांवर विसंबणार नाही. केरळनं २०१८ साली या विषयाचा राज्याचा कृती आराखडा केला आणि पुढं राज्याचा असा तक्ता प्रसिद्ध केला. आपल्या दोन जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत.

जाता जाता शेतकऱ्यांशी एक गोष्ट बोलते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. सार्वजनिक क्षेत्रात पेनिसिलिन बनवणारा देशातला पहिला. त्याच कारखान्याचं स्ट्रेप्टोसायक्लिन आटपाडी-जतच्या डाळिंबवाल्यांना तेल्या रोगावरचं औषध म्हणून तोंडपाठ आहे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, दोन्ही माणसांची औषधं. कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलिस्टिन केंद्र सरकारनं २०१९ साली बंद केलं, ते बरं झालं. बागेत फवारलेलं औषध मातीत आणि ओढ्यात जातं, आणि जंतूंची शाळा तिथंही भरते. बागाईतदारांनी कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारल्याशिवाय ही पुडी फोडू नये.

आता मला सर्वांत जवळचं वाटणारं. आपल्याकडे म्हणतात, बाळ काचेत ठेवलंय. काचेत बाळ आणि बाहेर व्हरांड्यात आई, चादरीवर बसलेली. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी हे चित्र बदललं. बाटलीतलं दूध आणि गर्दीतली हाताळणी यातून जंतू पसरतात हे ओळखून त्यांनी आयांना नवजात कक्षात आणलं, आईच्या दुधावर भर दिला, आणि १९८९ साली तिथं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. त्या काळात नवजात कक्षात आई म्हणजे जंतूंचा धोका असं मानत. खरं उलटं आहे. आईच्या त्वचेवरचे साधे जंतू बाळाच्या अंगावर आधी वसले तर कक्षातल्या वाईट जंतूंना जागा कमी मिळते. तिच्या चिकात संरक्षक द्रव्यं असतात, म्हणून पहिला चीक पिळून टाकू नका. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबरच आईच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवलं. त्यांच्यातले मृत्यू, काचेत ठेवून नंतर आईकडे दिलेल्या बाळांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाले. कोणतंही नवं अँटिबायोटिक एवढं देत नाही. आपल्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक नवजात कक्षात आईसाठी खाट किंवा आरामखुर्ची असावी, आणि ती आत असताना सिस्टरांनी तिला बाहेर घालवू नये, एवढं सगळ्या सिस्टरांना माझं कळकळीचं सांगणं आहे.

शेवटी वाचलेल्या मुलांबद्दल. मेंदूज्वरातून उठलेलं बाळ घरी जातं तेव्हा पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी उपचार संपलेले नसतात. या आजारानं ऐकू येणं जातं, आणि ते बाळाच्या वागण्यावरून वर्षभर कळत नाही. थाळी वाजवून बघणं पुरेसं नाही. घरी सोडताना किंवा त्यानंतर महिन्याभरात मेंदूच्या लहरींवरून करायची श्रवणचाचणी झालीच पाहिजे, कारण सहा महिन्यांच्या आत यंत्र लागलं तर मूल बोलायला शिकतं. काही मुलांच्या डोक्यात पाणी साठतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. शिंप्याच्या फितीनं दर आठवड्याला, कपाळ आणि मागचा उंचवटा धरून, डोक्याचा घेर मोजायचा आणि तारखेसह वहीत लिहायचा. पहिल्या तीन महिन्यांत घेर महिन्याला दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. त्याहून भराभर वाढू लागला, किंवा बाळाची नजर खालीच लागलेली दिसली, तर त्याच दिवशी यायचं. वेळेवर नळी बसवली तर दृष्टी आणि बुद्धी वाचते. हात-पाय कडक वाटले, चौथ्या महिन्यात मान धरली नाही, तर व्यायाम तेव्हापासून सुरू करायचे. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात हे सगळं मोफत मिळतं आणि तिथं जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. आशा ताईंना मी सांगते, काचेतून घरी आलेल्या प्रत्येक बाळाच्या नावापुढं वहीत खूण करा आणि बेचाळिसाव्या दिवसानंतरही, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत, त्या घरी जात राहा.